काका, स्नायू कुठून कुठे लांब होतो?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक चाळिशी ओलांडलेले, मूळचे सांगली जिल्ह्यातले. लहानपणी गावच्या तालमीत वस्तादांच्या हाताखाली पैलवानांची मालिश शिकले. पुण्यात येऊन मसाज आणि स्ट्रेचिंगचा कोर्स केला आणि गेली बारा वर्षं स्वतःच्या छोट्या जागेत काम करतात. त्यांच्याकडे आयटीतली माणसं येतात, मॅरेथॉन पळणारे येतात, कथक शिकणाऱ्या दोन मुली आणि काही निवृत्त मंडळीही येतात. एका क्लायंटची मुलगी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने सहज विचारलं, "काका, स्नायू लांब होतो म्हणता, तो कुठून कुठे लांब होतो?" यांना उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले आणि झोप उडाली. "स्ट्रेचिंगने स्नायू लांब होत नाही, दुखापत टळत नाही, दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणंही थांबत नाही, असं सगळीकडे लिहिलंय. मग बारा वर्षं मी लोकांना फसवलं का? शेजारच्या गल्लीत एकाने 'फॅसिया रिलीज'ची पाटी लावलीय, माझ्या दुप्पट पैसे घेतो. तो खोटं बोलतो की मीच मागे पडलो? स्ट्रेचिंग बंद करून नुसती मालिश करू का?" पत्रात ओघात आणखी एक मजकूर आहे. एक निवृत्त शिक्षिका सहा वर्षं दर आठवड्याला न चुकता येतात. खंड पडला तर कंबर पुन्हा आखडेल, असं यांनी त्यांना सुरुवातीलाच सांगितलं होतं. "त्यांचा इतका विश्वास आहे की लेकीकडे नागपूरला गेल्या तरी सहा दिवसांत परत येतात."

नमस्कार,

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी कॉलेजात असताना आमच्या वर्गातल्या एकानेही हा प्रश्न विचारला नाही, आणि पुढे मी शिकवायला लागले तेव्हा नऊ वर्षं मलाही कुणी विचारला नाही. मी वर्गात केसांचं रबर घेऊन जायचे. ताणून दाखवायचे, बघा, स्नायू असा लांब होतो. मग रबर सोडायचे. ते होतं तेवढं व्हायचं आणि सगळा वर्ग मान डोलवायचा. मीसुद्धा. तेव्हा फसवणुकीचा हिशेब मांडायचाच असेल तर आधी माझं नाव लिहा, तुमचं खाली येऊ दे.

तुमच्या टेबलावर प्रत्यक्ष काय घडतं ते आधी बघू. माणूस उताणा झोपलाय. तुम्ही त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलता आणि एका जागी तो अडतो. तिथेच अर्धा-पाऊण मिनिट धरला की विरोध कमी होत चाललाय हे तुमच्या हाताला कळतं. ते खरं आहे, यंत्राने मोजताही येतं. पोळी लाटताना कणीक मागे येते, जरा थांबलं की ऐकते, तसंच काहीसं. फरक एवढाच की लाटलेली पोळी लाटलेली राहते. स्नायूचा विरोध मात्र तासाभरात पुन्हा पहिल्या जागी येतो.

मग आठवडेच्या आठवडे ताण देणाऱ्याचा पाय अधिक वर कसा जायला लागतो? १९९६ साली कोपनहेगनमध्ये मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात जणांच्या मांडीमागच्या स्नायूंना तीन आठवडे ताण देऊन हे तपासलं. आधी आणि नंतर पाय त्याच कोनापर्यंत नेला, तर स्नायूचा विरोध होता तेवढाच भरला. पण "बास, आता दुखतंय" म्हणण्याची जागा पुढे गेली होती. म्हणजे स्नायू होता तसाच राहिला आणि माणसाची ताण सोसायची तयारी वाढली. २०१० साली वेपलर आणि मॅग्नुसन यांनी अशा बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला आणि लांबीपेक्षा जाणीव बदलते या स्पष्टीकरणाला पुरावा जास्त आहे असं मांडलं.

हे स्वतःवर करून बघायचं असेल तर खुर्चीत पाठीला पोक काढून बसा आणि एक गुडघा हळूहळू सरळ करा. मांडीमागे ताण आला की तिथेच थांबा. आता पाय अजिबात न हलवता मान खाली घाला, मग वर करा. बहुतेकांचा मांडीमागचा ताण मानेबरोबर कमी-जास्त होतो. मानेपासून मांडीपर्यंत जाणारा एकही स्नायू आपल्या अंगात नाही. पाठीचा कणा आणि पाय यांच्यातून जाणाऱ्या नसांची ती ओढ असते. तुमच्याकडे "माझं हॅमस्ट्रिंग (म्हणजे मांडीमागचा स्नायू) फार टाइट आहे" म्हणत येणाऱ्यांपैकी काहींच्या तक्रारीत स्नायूचा वाटा फारसा नसतो. त्यांना जोर लावून ताणलं तर दुसऱ्या दिवशी पायात झिणझिण्या घेऊनच ते परत येतात. असे एकदोघे तुम्हाला आत्ता आठवलेही असतील.

मात्र म्हणून "सगळं मेंदूतच असतं" या दुसऱ्या टोकाला जाऊ नका. हल्ली कार्यशाळांत तेही जोरात चालतं. प्राण्यांचा पाय स्नायू ताणलेला राहील अशा रीतीने कित्येक दिवस प्लास्टरमध्ये ठेवला तर स्नायूतंतूंना खरोखर नवे घटक जोडले जातात, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. माणसांतही महिना-दोन महिने नेटाने ताण दिला तर स्नायूचा कडकपणा काही प्रमाणात उतरल्याचे अभ्यास आहेत. २०२२ साली जर्मनीतल्या एका प्रयोगात लोकांनी सहा आठवडे, रोज एक तास, पोटरीला पट्टा-साचा बांधून ताण दिला, तर पोटरीची ताकद आणि जाडीसुद्धा वाढली. रोज एक तास, तोही एका पोटरीला! तुमच्या टेबलावर एका स्नायूच्या वाट्याला आठवड्यातून मिनिटभर येतं. त्या मिनिटाने मांस लांबलं असं म्हणवत नाही. त्या मिनिटाने काहीच झालं नाही असंही म्हणवत नाही, कारण माणूस उठून "हलकं वाटतंय" म्हणतो आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधतो.

आता तुमचा खरा प्रश्न, फसवलं का. पत्रात तुम्ही वस्तादांविषयी लिहिलंय की ते पोरांना सांगायचे, "याचं अंग मोकळं कर." मी या शब्दावर बराच वेळ थांबले. अंग मोकळं होणं. यात स्नायूच्या लांबीबद्दल काही दावा नाही, स्नायूंभोवतीची आवरणं सुटल्याचा नाही, विषारी द्रव्यं बाहेर पडल्याचाही नाही. आधी हालताना अडत होतं, आता अडत नाही, एवढंच तो शब्द म्हणतो. आज प्रयोगशाळेतून जे निघतंय त्याच्याशी तो शब्द नीट जुळतो. "स्नायू आखूड झालाय, मी लांब करतो" हे वाक्य तुम्हाला तालमीत मिळालेलं नाही, ते पुण्याच्या कोर्सच्या झेरॉक्समधून आलंय. (त्याच झेरॉक्समध्ये लॅक्टिक ॲसिड मालिशने 'काढून टाकण्याचा' परिच्छेदही असेल. व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट आपलं आपण तासाभरात नेहमीच्या पातळीला येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही. आणि स्नायू आधी आवळून, मग सैल सोडून ताणताना 'स्नायू आपोआप बंद होतो' असं जे शिकवतात, तो परिणाम इतका क्षणिक असतो की हालचालीच्या पुढे वाढलेल्या पल्ल्याचं श्रेय त्याला देता येत नाही. पद्धत चालते, तिची गोष्ट चालत नाही.)

तुमच्या हातांनी काम केलं, लोकांना बरं वाटलं, त्यांनी त्याचे पैसे दिले. याला फसवणूक म्हणत नाहीत. बारा वर्षांच्या क्लायंटना फोन करून माफी मागत बसायचीही गरज नाही. एका फोनचा अपवाद आहे, त्याकडे शेवटी येते.

शेजारच्या पाटीचं म्हणाल, तर फॅसिया म्हणजे स्नायूंभोवतीचं आवरण, ते खरं आहे, त्याला संवेदना आहेत हेही खरं. पण हाताच्या दाबाने ते 'सुटतं' का? २००८ साली चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडून मांडीच्या बाहेरच्या बाजूचं आणि तळपायाचं आवरण तपासलं. त्या जाड आवरणांत एक टक्का बदल घडवायलाही माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो, असं त्यात निघालं. नाकावरच्यासारखी मऊ आवरणं तेवढी हाताला दाद देऊ शकतात. ज्या मांडीच्या पट्ट्यावर लोक कोपर रोवून ओरडायला लावतात तो पट्टा त्यात नाही. तरीही शेजाऱ्याचे क्लायंट खूश असतील, कारण हळू, खोल, न घाई करता लावलेला हात माणसाला बरा वाटतो. तुमचेही त्याच कारणाने खूश आहेत. त्याच्याशी भांडू नका आणि ती पाटीही उचलू नका. दर वाढवायचा असेल तर वाढवा. बारा वर्षांच्या अनुभवाचे पैसे मागायला नव्या शब्दाची काय गरज?

पळणाऱ्यांकडे येऊ. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली की हे लोक तुमच्याकडे दोन गोष्टी मागत असणार: दुखापत होऊ नये म्हणून आधी ताणा, आणि पाय दुखू नयेत म्हणून नंतर ताणा. पहिलीबद्दल २००० साली ऑस्ट्रेलियात १,५३८ लष्करी जवानांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांनी बारा आठवडे व्यायामाआधी पायांना ताण दिला, निम्म्यांनी दिला नाही. दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरीबद्दल २०११चा कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) आढावा आहे. त्यात १२ अभ्यास एकत्र केले, तर दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात १०० गुणांच्या मोजपट्टीवर फरक निघाला एखाद्या गुणाचा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या अभ्यासातही तो चारेक गुणांच्या पलीकडे गेला नाही. पायऱ्या उतरताना तो माणूस "आई गं" म्हणणारच.

पण ताण दिला तर नुकसान होतं, ही भीतीही गरजेपेक्षा जास्त पसरलीय. एका स्नायूला सलग मिनिटभराहून जास्त ताण दिला तर लगेच नंतर ताकद आणि उडी सरासरी चार-पाच टक्क्यांनी घटते. मिनिटाच्या आत ठेवला तर घट एखाद्या टक्क्याची. उंच उडीवाल्याने किंवा वेटलिफ्टरने विचार करावा. ४२ किलोमीटर रमतगमत पळणाऱ्या तुमच्या मॅनेजरसाहेबांना सुरुवातीच्या रेषेवर वीस सेकंद पोटरी ताणून धीर येत असेल तर ताणू द्या. आधी दहा मिनिटं हळू धावून आणि पाय झुलवून अंग गरम करा, एवढं सांगा.

स्ट्रेचिंग सोडायचं का? मी तर म्हणेन सोडू नका, पण मोजायला लागा. पंचवीस वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दहा रुपयांच्या पट्टीने. भिंतीसमोर पाऊल ठेवायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठ्यापासून भिंतीचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहायचं. काम करायच्या आधी एकदा, नंतर एकदा, आणि पुढच्या वेळी तो माणूस आल्या आल्या एकदा. तिसरा आकडा महत्त्वाचा. तो पहिल्या इतकाच येत राहिला तर तुम्ही दर आठवड्याला तेच दार उघडताय आणि ते मागे पुन्हा लागतंय. मजा म्हणून कधी एकच पाय ताणा आणि दुसरा मोजा. न ताणलेल्या पायाचा पल्लाही थोडा वाढलेला दिसतो. 'कुठून कुठे लांब होतो'चं अर्धं उत्तर तिथेच आहे.

दार उघडं राहायला हवं असेल तर त्या माणसाने घरी काही करायला हवं. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं मार्गदर्शन साधं आहे: १० ते ३० सेकंद धरायचं, वय झालेल्यांनी ६० पर्यंत, एका जागेला एकूण मिनिटभर, आठवड्यातून निदान दोन-तीनदा. त्याहून मला आवडणारी गोष्ट अशी की पूर्ण पल्ल्यात केलेल्या ताकदीच्या व्यायामानेही लवचिकता वाढते. २०२१च्या एका आढाव्यात ताकदीचे व्यायाम आणि स्ट्रेचिंग यांच्यात पल्ल्याच्या बाबतीत फरकच निघाला नाही. हे तुम्हाला परकं वाटू नये. तुमच्या तालमीतली पोरं कुठे कोपऱ्यात बसून हॅमस्ट्रिंग ताणत होती? ती पूर्ण खाली जाऊन बैठका मारत होती, जोर काढत होती, आणि अंगाने वेतासारखी होती. आयटीवाल्याला पहिल्या दिवशी शंभर बैठका सांगू नका इतकंच. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळू खाली नेणं-वर आणणं, स्टुलापर्यंत बसून उठणं, असलं काहीतरी द्या.

आता कुणाला ताणायचं नाही ते. तुमच्या कथकच्या मुलींपैकी एखादीचा अंगठा मनगट वाकवून सहज हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर-गुडघे उलटे वाकतात का, बघा. अशा मुलीच "अजून ताणा ना" म्हणतात, कारण त्यांना सतत आखडल्यासारखं वाटतं. त्यांचे सांधे आधीच सैल असतात. त्यांना ताकद हवी, ताण नको. पळणाऱ्यांपैकी ज्याला बसल्यावर खुर्चीला टेकतं त्या हाडापाशीच दुखतं, पुढे वाकलं की वाढतं, त्याचंही मांडीमागे ताणू नका. तिथली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) हाडावर दाबली जाऊन दुखणं चिघळतं. एकाच पोटरीला सूज, हाताला गरम लागणं, दुखणं असं असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर हातसुद्धा लावू नका. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेची संवेदना हरपली तर थेट हॉस्पिटल. आणि मालिशवाल्याला लकव्याच्या घरी बोलावतातच, म्हणून सांगते: वळलेले, आखडलेले सांधे निव्वळ ताण देऊन सैल होतील असं त्या घरच्यांना सांगू नका. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. मालिशने त्या माणसाला बरं वाटतं, घरातलं कुणी तासभर मोकळं होतं, त्यासाठी खुशाल जा.

आता तो फोन. पत्रात तुम्ही त्या शिक्षिकाबाईंचा उल्लेख कौतुकाने केलाय. मला वाचताना कसंसंच झालं. सहा वर्षं एक बाई लेकीकडे सहा दिवसांहून जास्त राहिलेली नाही, कारण तुम्ही तिला सांगितलंत की तिची कंबर तुमच्या हाताशिवाय आखडेल. 'स्नायू लांब होतो' यात चूक शास्त्राची होती, आणि ती अर्ध्या जगाने केली. इथे मात्र तुमच्या वाक्याने एका माणसाचं आयुष्य आखडलं. तुम्ही पैशासाठी मुद्दाम केलंत असं मला वाटत नाही. पण दर आठवड्याचं ते ठरलेलं काम हातचं जाईल ही भीती कुठेतरी होती का, हे एकदा एकटे बसून स्वतःला विचारा. मला उत्तर कळवायची गरज नाही.

त्यांना भेटा तेव्हा शास्त्र सांगत बसू नका. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पाठ आखडल्याची तक्रार असणाऱ्यांच्या पाठी यंत्राने दाबून मोजल्या, तर आखडल्याची भावना आणि प्रत्यक्षातला कडकपणा यांचा मेळच बसला नाही. दाबताना दार करकरल्यासारखा आवाज ऐकवला तर लोकांचा अंदाजही बदलायचा. सहा वर्षं त्या बाईंच्या कानात ती करकर तुमच्या वाक्याची आहे. ते वाक्य तुम्हीच परत घ्यायला हवं. अगदी साधं सांगा: "बाई, मी तेव्हा चुकीचं बोललो. तुमची कंबर नाजूक नाही. मी नसलो तरी ती बिघडणार नाही. महिनाभर जाऊन या." स्टुलावरून उठ-बस आणि भिंतीला हात टेकून वाकणं, असे दोन व्यायाम शिकवा, तुमच्यासमोर चार वेळा करून घ्या, आणि रोज चालायला सांगा. तिथे पहिल्या आठवड्यात कंबर थोडी धरेल, प्रवासाने कुणाचीही धरते. तेव्हा त्या घाबरून फोन करतील. तो फोन उचला, आणि परत या म्हणू नका.